डोंगलची बारी

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी दुकान धुऊन काढलं आणि शुक्रवारी सकाळी माझ्या कॉम्प्युटरनं मला ओळखच दाखवली नाही.

चूक माझीच. कोल्हापुरात आमचा लहानसा छापखाना आहे. यजमान मशीन चालवतात, मी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवते. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. गुरुवारी घट मांडायचा तर दुकान स्वच्छ हवं, म्हणून कागदाची धूळ उडवायचा ब्लोअर मी कॉम्प्युटरचं झाकण काढून आतही फिरवला. धूळ गेली. तिच्याबरोबर मदरबोर्डही गेला. शुक्रवारी दुकान उघडताच दुरुस्तीवाला आला, त्यानं नवा बोर्ड बसवला, "काकू, आतलं सगळं हाय तसं हाय, काळजी करू नका" म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

आतलं सगळं होतं तसंच होतं. फक्त मराठी अक्षरं जुळवायचं सॉफ्टवेअर उघडायला गेले तर पडद्यावर चौकट आली: हे यंत्र नोंदणीकृत नाही, कृपया कोड टाका.

कोड माझ्याकडे होता. पंचवीस अक्षरांचा. वहीत लिहून, वर सेलोटेप चिकटवून जपलेला. टाकला. चौकट म्हणाली, हा कोड दुसऱ्या यंत्रावर वापरात आहे.

ते दुसरं यंत्र म्हणजे हेच यंत्र, बुधवारपर्यंतचं.

मी चौकटीकडे बघत असतानाच दारात मोटारसायकल थांबली आणि कसबा बावड्याचे एक गिऱ्हाईक आत आले. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका मी दोनच दिवसांपूर्वी बांधून दिल्या होत्या. त्यातलीच एक त्यांच्या हातात होती.

"वैनी, घोळ झालाय."

"बसा. काय झालं?"

"थोरलं दाजी न्हाईत ह्यात."

"कशात?"

"पत्रिकेत हो! माझ्या थोरल्या भनीचं मालक. स्थळ त्यांनी आणलं, बैठकीत पुढं ते, आणि पत्रिकेत त्यांचंच नाव न्हाय. काल घरी आलते. पत्रिका वाचली, घडी घातली, चहा न घेता गेलं. भन फोनवर म्हणती, ह्यांचं नाव न्हाय तिथं माझं काय काम? आता भाचीच्या लग्नाला आत्याच न्हाय म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

मी पत्रिका घेतली. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरीला शोधावं लागतं, इतकी नावं असतात. निमंत्रक, प्रेषक, कार्यवाहक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, आणि या सगळ्यांत न बसलेले पण रागावू शकतील असे सगळे "समस्त" या शब्दाखाली. या पत्रिकेत एकशे चाळीस नावं होती. दाजींचं नव्हतं. गिऱ्हाइकानं हातानं लिहून दिलेला कागद काढून बघितला. त्यात होतं, निमंत्रकांच्या यादीत शेवटच्या ओळीला. गणपतीचं चित्र जरा मोठं करा, असं त्यांनी शेवटच्या क्षणी सांगितलं होतं. मी चित्र वाढवलं, मजकूर खाली सरकला आणि त्या यादीची शेवटची ओळ तिच्या चौकटीच्या किनारीखाली गेली. गणपतीनं दाजींना झाकलं. नमुना वाचून यांनी सही केली होती, पण नमुन्यात माणूस आपलं नाव शोधतो, ते सापडलं की सही करतो.

"रविवारी पहिली पत्रिका घेऊन जोतिबाला जायचंय," ते म्हणाले. "देवापुढं ठेवल्याबिगर एक बी पत्रिका वाटायची न्हाय. आणि दाजी संगं आलं पाहिजेत. ह्या पत्रिकेवर ते येत न्हाईत."

"उद्या संध्याकाळी न्या," मी म्हटलं. सवयीनं म्हटलं. म्हणून झाल्यावर पडद्यावरची चौकट आठवली.

"पुन्हा टाईप करायला कितीसा वेळ लागतो, मोबाईलवर सुद्धा मराठी येतं," असं मला पुढे बऱ्याच जणांनी ऐकवलं. येतं. पण एकशे चाळीस नावं पुन्हा टाईप करणं म्हणजे एकशे चाळीस नवे दाजी तयार करणं. ज्या फाईलमध्ये बाकी सगळी नावं बरोबर आहेत, तीच उघडून एक ओळ वर ओढणं हाच शहाणपणा होता. फाईल माझ्या डोळ्यांसमोर होती. कुलूप आतून होतं.

या कुलपाची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी.

छापखाना सासऱ्यांचा. त्यांच्यामागे दोघं भाऊ एकत्र चालवत होते. थोरल्या जाऊबाई कॉम्प्युटरवर बसायच्या, त्यांनीच मला शिकवलं. तेव्हा हे सॉफ्टवेअर डोंगलवर चालायचं. डोंगल म्हणजे बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची वस्तू. ती कॉम्प्युटरच्या मागे खुपसली की मराठी चालू, काढली की बंद. तुम्ही चोर नाही याचा एवढाच पुरावा कंपनीला पुरत असे. तुम्ही कोण, कुठले, तुमचा मदरबोर्ड कोणता, ही चौकशी नव्हती. डोंगल हरवला तर मात्र पुन्हा पूर्ण किंमत. म्हणून जाऊबाईंनी त्याला हळदीकुंकवाच्या स्टीलच्या डबीत घर करून दिलं होतं. खंडेनवमीला कटर, पाने, शाईचे डबे यांच्या ओळीत त्यालाही कुंकू लागायचं. एका वर्षी ते नेमकं तोंडाला लागलं आणि दसऱ्यानंतर दोन दिवस मराठी बंद राहिली, पण तो भक्तीचा दोष.

मग भाऊ वेगळे झाले. भांडण असं नाही, मुलं मोठी झाली की होतं तसं. वाटणी करायला सासूबाईंचे भाऊ, आमचे मामा-सासरे, कागलकडून आले. पक्के शेतकरी, सगळ्या पै-पाहुण्यांच्या वाटण्या त्यांच्या हातच्या. मोठं मशीन थोरल्याला, छोटं मशीन आणि कटर धाकट्याला, कॉम्प्युटर दोन होते ते एकेक. दुकानाची जागा थोरल्याकडे, आम्हाला त्याच गल्लीत चार दारं सोडून गाळा. दुपारपर्यंत सगळं उरकलं. शेवटी जाऊबाईंनी डबी पुढे ठेवली.

मामांनी डोंगल तळहातावर घेतला. "हे ढेकणाएवढं काय हाय?"

"मामा, ह्याच्याबिगर मराठी उमटत न्हाय," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि इंग्रजी?"

"ती उमटती."

"इंग्रजीला दार उघडं आणि मराठीला कुलूप? बरं हाय." त्यांनी डोंगल उलटसुलट करून बघितला. "दुसरा घ्या की मग."

दुसरा किती महाग पडतो ते दिरांनी सांगितलं. मग मामांनी विहिरीचा कायदा लावला. त्यांच्याकडे चार भावांत एक विहीर. तिचं पाणी तोडून वाटता येत नाही, म्हणून वेळ वाटलेली. ज्याची वेळ त्याची मोटर. याला बारी म्हणतात. "सकाळची बारी थोरलीची, दोनच्या पुढं धाकटीची," मामा म्हणाले. "आणि अमावशेला बारी बदलायची. एकीलाच कायम सकाळ नको. दुसरीच्या बारीत हात घालायचा न्हाय, घातला तर मी हाय."

कंपनीनं चोरी होऊ नये म्हणून केलेली वस्तू आम्ही पाटपाण्यासारखी वाटून घेतली. असं कुणी करेल हे त्या इंजिनिअरांच्या स्वप्नातही नसणार. पण चाललं. दुपारी दोन वाजता आमच्या गल्लीत एक बाई डबी घेऊन चार दारं चालत जायची. लगीनसराईत पाच-दहा मिनिटांवरून तोंडं वाजायची. "अक्का, दोन वाजून गेले." "एवढं एक नाव राहिलंय गं." "तुमचं एक नाव म्हणजे एक वाडी असते." एकदा आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं. डबीची ने-आण तेव्हाही चालू होती, फक्त ती न बोलता ठेवायची आणि न बोलता उचलायची.

गेल्या वर्षी कंपनीचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.

"मॅडम, डोंगल आता जुना झाला. नव्यात कोड. एकदा टाकला की विसरून जा. हरवण्याची भीती नाही, खराब होण्याची भीती नाही. शिवाय चाळीस नवे फॉन्ट."

दुपारी दोनची वाट बघून मी कंटाळले होते. मी घेतलं. त्याच दिवशी डबी उचलून जाऊबाईंच्या टेबलावर ठेवली.

"अक्का, हा तुमचाच आता पूर्ण. आमच्याकडे कोड आला."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "वाटणी मामांनी केलीया. तू कोण सोडणारी?"

"मला नकोच आहे तो."

"तुला नको म्हणून ती माझी होत न्हाय," त्या म्हणाल्या आणि मान खाली घालून टाईप करू लागल्या. मला वाटलं, कोड मी आधी घेतला म्हणून लागलंय. त्यानंतर सणासुदीला समोरासमोर आलो की जेवढ्यास तेवढं. कोड घेऊन महिना झाला नाही तोच मामाही वारले.

माझं मात्र छान चाललं होतं. गिऱ्हाईक वाढलं होतं, एक महिना सकाळी जास्त, एक महिना दुपारी. ही नव्या फॉन्टची पुण्याई, असं मी यजमानांना पंधरा दिवसांतून एकदा सांगत असे.

तर तो शुक्रवार. मी कंपनीला फोन लावला. आधी इंग्रजी बाई बोलली, मग हिंदी बाई बोलली. मराठीची कंपनी, पण मराठी बाईला नोकरी मिळालेली नव्हती. वीस मिनिटं सनई वाजली. लग्नाचं काम असल्यामुळे मी ती सहन केली. मग एक मुलगा आला. तो मराठी बोलला, याबद्दल त्याचे उपकार.

"मॅडम, आपलं मशीन बदललं आहे."

"मशीन नाही बदललं. मदरबोर्ड बदलला."

"सिस्टीमच्या दृष्टीनं ते नवीन मशीनच."

"मी लग्नानंतर आडनाव बदललं तरी माहेरचं कुत्रं मला ओळखत होतं."

"सॉरी मॅडम?"

"काही नाही. आता काय करायचं?"

"जुन्या मशीनवरून कोड आधी डीॲक्टिव्हेट करायला हवा होता."

"जुनं मशीन जळलं. जळायच्या आधी त्यानं सांगितलं नाही."

"मग खरेदीचं बिल, जुन्या बोर्डचा फोटो, नव्याचा फोटो आणि अर्ज मेल करा. तीन ते पाच कामाच्या दिवसांत पडताळणी होईल. उद्या आणि परवा सुट्टी आहे."

आमच्या गल्लीतल्या पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. ते बँकेत जाऊन स्वतः उभे राहतात, साहेब बघतो, आहे म्हणतो. माझा कॉम्प्युटर माझ्यासमोर उभा होता, चालू होता, पंखा फिरत होता. तो हयात आहे हे बघायला मात्र त्या कंपनीत सोमवारपर्यंत कुणी नव्हतं. जळक्या बोर्डचा फोटो काढायला गेले तर तो दुरुस्तीवाला घेऊन गेलेला. त्याच्याकडून मागवला, पाटावर ठेवला, चारी बाजूंनी फोटो काढले आणि पाठवले. एखाद्या अपघाताचा पंचनामा असावा तसे दिसत होते. लगेच उत्तर आलं. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

समोरच्या झेरॉक्सवाल्यानं दारातूनच सगळं ऐकलं होतं. त्याच्याकडे हेच सॉफ्टवेअर चोरीचं आहे. त्याला डोंगल नाही, कोड नाही. बारा वर्षांत त्याला कुणी काही विचारलेलं नाही. कंपनीची सगळी चौकशी पैसे मोजणाऱ्यांसाठी राखीव आहे.

"वैनी, द्या फाईल, मी काढून देतो की."

तत्त्व वगैरे बाजूला ठेवून मी पेन ड्राइव्ह दिला. दाजी जोतिबाला जाणार की नाही हा प्रश्न होता, माझ्या तत्त्वाचा नव्हता. फाईल उघडली. पण त्याच्या चोरीच्या प्रतीत जोडाक्षरं फुटत होती. लग्नस्थळाचा पत्ता वाचला. ज्या प्रतीत "कोल्हापूर" हा शब्दच धड उमटत नाही, ती कोल्हापुरात काय कामाची? पेन ड्राइव्ह काढून घेतला.

"बघा, फुकटचं हाय, थोडं चालवून घ्यायचं," तो म्हणाला.

"दाजी चालवून घेणारे नाहीत."

आता उरला डोंगल. नवं सॉफ्टवेअर घेतलं तरी मी फाईली जुन्याच पद्धतीनं साठवत होते आणि जुनं सॉफ्टवेअरही काढून टाकलेलं नव्हतं. कंपनीवर माझा विश्वास नव्हता म्हणून नव्हे, कुणावरच नसतो म्हणून. डोंगल लावला असता तर दोन मिनिटांत काम होतं. पण तो चार दारं पलीकडे होता, आणि मी तो टेबलावर आपटून आले होते. आपटून म्हणजे ठेवून, पण आवाज आला होता.

शुक्रवारची संध्याकाळ मी दुसऱ्या छापखान्यांची नावं आठवण्यात घालवली. तिघांकडे असे डोंगल आहेत. तिघांपैकी कुणालाही विचारलं असतं तर काम झालं असतं, आणि सोमवारपर्यंत सगळ्या पेठांना कळलं असतं की अमक्या बाईनं दाजींना खाल्लं आणि वर स्वतःचा कोडही घालवला. जाऊबाई बोलतील ते मलाच बोलतील. व्यवहार म्हणून तेच स्वस्त होतं.

शनिवारी सकाळी बावड्याच्या पाहुण्यांचा फोन आला. "वैनी, दाजींना सांगितलंय, संध्याकाळी नवी पत्रिका दाखवतो. ते म्हणाले, दाखव, मग बघू. आता तुमच्यावर हाय."

साडेअकराला मी चपला घातल्या.

जाऊबाई टाईप करत होत्या. डोंगल मागे लागलेला, डबी बाजूला उघडी. मी उभी राहिले.

"अक्का."

"बोल."

मी बोलले. ब्लोअर, मदरबोर्ड, दाजी, जोतिबा. काही गाळलं नाही. त्यांनी टाईप करणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "ब्लोअर घातलास व्हय आत?"

"घातला."

"शिकवलं कुणी तुला?"

"तुम्हीच. ब्लोअरचं सोडून."

त्या हसल्या नाहीत. घड्याळाकडे बघितलं. "साडेअकरा झाल्यात. तुझी बारी दोनच्या पुढं. बस."

मला वाटलं टोमणा आहे. "अक्का, दहा मिनिटांचं काम आहे."

"मलाबी काम हाय. सकाळची माझी हाय. गेल्या अमावशेला बदलली न्हवं का?"

त्यांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. मी बघितलं. कार्तिक अमावास्येच्या चौकटीत लाल पेनानं लिहिलं होतं: मी सकाळ, ती दुपार. पान उलटून मागचं बघितलं. आश्विन अमावास्या: ती सकाळ, मी दुपार. त्याच्या मागे पुन्हा मी सकाळ. असं उलटत उलटत मी जानेवारीपर्यंत गेले. एकही अमावास्या चुकली नव्हती.

"हे कशाला लिहिलंय?"

"लक्षात राहत न्हाय आता."

"पण मी तर डोंगल देऊन गेले होते. माझ्या वेळेत तुम्ही काय करत होता?"

"इंग्रजी. व्हिजिटिंग कार्डं, बिलबुकं. डोंगल डबीत."

"वर्षभर?"

"दुसऱ्याच्या बारीचं पाणी घेत न्हाईत," त्या म्हणाल्या. जणू मीच काहीतरी वेडगळ विचारलं होतं. "मामा असते तर त्यांच्याकडून बदलून घेतलं असतं. आता कोण बदलणार?"

बाई ठार वेडी आहे, हा माझा पहिला विचार. अर्ध्या दिवसाचं मराठी काम वर्षभर सोडायचं म्हणजे काय? दुसरा विचार जरा उशिरा आला आणि तो मला आवडला नाही.

"तुमच्या बारीबाहेर मराठी पत्रिकेचं गिऱ्हाईक आलं तर?"

"तर काय? चार दारं सोडून धाकटी हाय म्हणून सांगते. हे बावड्याचं पावणं पण मीच धाडलं की. अमावशेच्या आधी, सकाळी अकराला आलते."

चाळीस नवे फॉन्ट माझ्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेले.

मी बसले. त्यांनी एक नमुना माझ्यापुढे टाकला. "बसलीस तर हे वाच. दुसरा डोळा पाहिजे." वास्तुशांतीची पत्रिका होती. मी वाचली. तारखेला सोमवार लिहिला होता, कॅलेंडरमध्ये मंगळवार होता.

"अक्का, वार चुकलाय."

"आण हिकडं." त्यांनी बघितलं, दुरुस्त केला. "सही केलीया बघ त्यानं वर. नाव तेवढं वाचलं असणार."

"सगळे तेच करतात."

मग दुसरा नमुना आला, मग तिसरा. एक वाजता त्यांनी डबा उघडला आणि माझ्यासमोर अर्धी भाकरी ठेवली. दोनला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी फाईल बंद केली. दोन वाजता डोंगल काढला, पदरानं पुसला, डबीत घातला, झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात दिली. दोन मिनिटं आधी देतील असं मला उगाच वाटलं होतं.

दुकानात येऊन मी डोंगल लावला. जुनं सॉफ्टवेअर उघडलं. कुणी काही विचारलं नाही. नवा बोर्ड, जुना बोर्ड, त्याला काही पडलेलं नव्हतं. गणपती लहान केला. दाजी किनारीखालून वर आले. मी एकशे एक्केचाळीस नावं हाताच्या कागदाशी दोनदा ताडून बघितली, यजमानांकडून एकदा वाचून घेतली आणि छापायला दिली.

सहाला बावड्याचे पाहुणे आले. मागच्या सीटवर दाजी स्वतः. पांढरी टोपी, फोटोला बसल्यासारखी ताठ मान. "दाखव, मग बघू" याचा अर्थ ते प्रत्यक्ष बघणार होते हे आम्हाला कळलं नव्हतं. मी पत्रिका दिली. त्यांनी बोट ठेवून यादी वाचायला सुरुवात केली. वरपासून, प्रत्येक नाव, घाई न करता. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"खाली का?" दाजी म्हणाले.

पाहुण्यांचा चेहरा उतरला. मी घड्याळ बघितलं. डबी दुकान बंद होईपर्यंत माझी होती.

"दाजी," मी म्हटलं, "यादी वयानं लावलीय, लहानांपासून वर. शेवटी सगळ्यात मोठं माणूस. पाया पडताना शेवटी कुणाच्या पडतात?"

त्यांनी विचार केला. यादी वयानं वगैरे काही लावलेली नव्हती. वरून तिसरे त्यांचे चुलते होते. पण चुलत्यांचं वय त्यांनी त्या क्षणी बाजूला ठेवलं.

"मग बराबर हाय," दाजी म्हणाले. "किती वाजता निघायचं उद्या?"

"तुम्ही म्हणाल तवा," पाहुणे म्हणाले आणि पत्रिकांचा गठ्ठा असा उचलला की जणू कुणी परत मागेल.

दुकान बंद करताना मी डबी जाऊबाईंना नेऊन दिली. "झालं काम?" "झालं. दाजी जोतिबाला जाणार." "आत्या?" "दाजी गेले म्हणजे आत्या आली." त्यांनी डबी फळीवर ठेवली. एवढंच.

बुधवारी कंपनीचा मेल आला. अभिनंदन, आपली पडताळणी पूर्ण झाली आहे. नवा कोड, पुन्हा पंचवीस अक्षरं. खाली विचारलं होतं, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, पाचपैकी तारे द्या. मी कोड टाकला, वहीत लिहिला, सेलोटेप लावली. तारे दिले नाहीत, कारण शून्य तारे द्यायची सोय नव्हती.

दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी जाऊबाई दारात उभ्या. हातात डबी.

"न्यायला का आली न्हाईस?"

"अक्का, कोड आला की माझा."

"आला तर येऊ दे. बारी तुझी हाय. तुझ्या बारीत ती माझ्याकडं पडून मी काय करू?"

मी म्हणणार होते की तुम्हीच वापरा. पण मग कॅलेंडर आठवलं, आणि हेही की माझ्या बारीत मराठी उमटवायला त्यांनी हात लावला असता तर ते गिऱ्हाईक माझ्याकडे आलं नसतं. मी डबी घेतली.

तेव्हापासून ती दोनला येते किंवा मी आणायला जाते, आणि जिच्या-तिच्या नमुन्याला दुसरा डोळा मिळतो. डोंगल डबीतून बाहेर निघतोच असं नाही. येत्या अमावास्येला बारी बदलेल. मी माझ्याही कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवलंय: मी सकाळ, ती दुपार. त्या दिवसापासून दुपारी आलेलं मराठी गिऱ्हाईक मी चार दारं पलीकडे धाडणार का, हे यजमानांनी विचारलं. माझ्याकडे कोड आहे, मला कसली बारी, असं म्हणता आलं असतं.

"बघू," मी म्हटलं, आणि ब्लोअर कपाटात ठेवून वर कुलूप लावलं.